कच्चं इतिवृत्त

समुद्र इथून दोनशे किलोमीटर,
तरी जानोरीच्या माळावर आमच्या पाटीवर लिहिलंय
सीमाशुल्क.
कसली सीमा, ते विचारू नका.
एका अंगाला द्राक्षबाग, दुसऱ्या अंगाला कांद्याची चाळ,
मधे काटेरी तार, तारेला अडकलेली प्लास्टिकची पिशवी.
वारा आला की ती बिनशुल्क आत येते.

बैठक अकराची. मार्चचा दुसरा आठवडा.
इतिवृत्त लिहिणार मी, वासंती पगार, वरिष्ठ लिपिक.
(आडनावावरचे विनोद सगळे ऐकून झालेत.)

योरिस आला होता, द्राक्षं नेणारा डच,
पिंपळगावात राहून राहून ‘बरं का’ म्हणायला शिकलेला.
अंबडच्या जर्मन कारखान्यातून लिंडनरबाई.
त्यांच्या बेअरिंगचा खोका अकरा दिवस आमच्याकडे पडून होता,
का, तर वर्गीकरणाच्या एका आकड्यावर
दोन टेबलांचं एकमत होईना.
त्यांनी आवाज चढवला नाही.
फक्त ‘अकरा’ एवढं मराठीत म्हणाल्या.
तेच जास्त लागलं.

उपायुक्त गांगुर्डेबाईंनी पडद्यावर बाण दाखवले :
अर्ज इथून जाईल, तपासणारा कोण ते कुणालाच कळणार नाही,
कागद नाही, शिक्का नाही, खेटे नाहीत.
‘चेहराविरहित’ असा शब्द त्यांनी वापरला.
मी लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला.
योरिस म्हणाला, चेहरा असू द्या,
पण रात्री दहाला फोन उचलणारा द्या.
सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.
रात्री दहाला व्यापाऱ्याचा फोन उचलला
की सकाळी कॅन्टीनमध्ये काय बोललं जातं,
हे त्याला कोण सांगणार?

मग विश्वास या शब्दावर पाऊण तास गेला.
ते म्हणाले, आधी ठेवा.
हे म्हणाले, आधी मिळवा.
दुभाष्या बिचारा तोच माल इकडून तिकडे वाहत होता,
दोन्ही काट्यांवर वजन वेगळं भरत होतं.

चहा घेऊन हवालदार दातीर आला.
बावीस वर्षं सील तोडतोय, तळहाताला कातरीचे घट्टे.
लिंडनरबाईंनी त्यालाच विचारलं,
कुठला कंटेनर उघडायचा, हे तुम्हाला कसं कळतं?
मला वाटलं, आता हा वासाचं सांगणार,
दाराच्या रबराचं, नजरेचं,
आणि अनुभव अनुभव म्हणत आमची बाजू सभा मारणार.

दातीर म्हणाला, “नाही कळत, मॅडम.
सांगतील तो उघडतो.
बावीस वर्षांत चारदा निघालं काहीतरी.
बाकी द्राक्षंच.
दार उघडलं की गारवा माझ्या अंगावर येतो
अन् ऊन आत जातं.
परत लावताना दरवेळी वाटतं,
झोपलेल्या पोराचं पांघरूण ओढलं आपण.”

दुभाष्यानं हे एका वाक्यात आटपलं.
योरिस म्हणाला, नाही, पूर्ण सांग.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
“ती चार प्रकरणं संध्याकाळपर्यंत टेबलावर हवीत.
आणि दातीर, जे उघडलेच नाहीत
त्यांतून काय गेलं, त्याचा हिशेब कुणाकडे?”
“तो देवाकडे, मॅडम.”
“देवाची नोंदवही लेखापरीक्षणाला चालत नाही,”
बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

ठरलं ते असं : स्कॅनरसाठी प्रस्ताव वर पाठवावा,
एक समिती नेमावी,
पुढची बैठक मेमध्ये.
मेमध्ये बागांची खरड छाटणी उरकलेली असते
आणि योरिस त्याच्या घरी असतो.

चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात पार पडली, असं मी लिहिलं.
ते दरवेळी लिहिते; या वेळी जवळजवळ खरं होतं.
दातीरचं बोलणं कुठल्या मुद्द्यात बसेना.
शेवटी खाली घातलं,
ऐनवेळचे विषय, एक : पांघरूण.

बाईंनी वाचलं. चष्मा काढून पुसला.
तो शब्द खोडून वर बारीक अक्षरात लिहिलं
‘तापमान’,
आणि सही केली.